नाणेघाटाच्या वाटेने पैठणला

पैठणला निघालो असे सांगितले की आमच्या शहापूर-मुरबाडकडे लोक दोनच प्रश्न विचारतात. "नाथषष्ठीला का?" नाही तर "पैठणी घ्यायला का?" २०२३ च्या दिवाळीत आम्ही गेलो ते या दोन्हींसाठी नव्हे. गोदाकाठी आमची एक मैत्रीण राहते. 'आमची' म्हणते, कारण ती जेवढी माझी तेवढीच माझ्या सासूबाईंची. कदाचित त्यांचीच जास्त.

शहापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आम्ही दोघी १९८४ साली एकाच महिन्यात रुजू झालो. ती मूळची मराठवाड्याची. जायकवाडीच्या धरणात तिचे गाव गेले तेव्हा ती शाळकरी पोर होती. पुनर्वसनाच्या जागी घराच्या भिंती उभ्या राहतात न राहतात तोच १९७८ साली नामांतराच्या दंगली पेटल्या, आणि वडिलांनी तिला मामाकडे कल्याणला पाठवून दिले. तिथेच ती डी.एड. झाली, नोकरीही याच बाजूला लागली. माहेर लांब, आई अंथरुणाला खिळलेली. त्यामुळे तिची दोन्ही बाळंतपणे माझ्या सासूबाईंनी केली. शेकशेगडी, अळिवाची खीर, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणे, सगळे त्यांनीच. तिची मुले आमच्या ओसरीवरच रांगायला शिकली.

२०१८ साली ती निवृत्त झाली आणि भावाच्या शेजारी घर बांधून पैठणला गेली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचे यजमान गेले. त्या दिवसांत कोण कुणाकडे जाणार? फोनवर रडलो, तेवढेच. पुढे तिचे फोन कमी कमी होत गेले. आमच्या धाकट्याच्या लग्नालाही ती आली नाही. "तब्येत बरी नाही गं," एवढेच म्हणाली. सासूबाईंनी तेव्हापासून धोशा लावला. त्या चौऱ्याऐंशीच्या. "मला तिचं तोंड बघायचं हाय. फोनात मानूस हसतं का रडतं, काय कळत नाय."

पण चौऱ्याऐंशीच्या म्हातारीला एवढ्या लांब न्यायचे कसे? एस.टी.त बसवत नाही. लॉजचा जिना चढवत नाही. रात्री दोन-तीनदा उठावे लागते. त्यावर उपाय थोरल्याने काढला. त्याचा टेम्पो ट्रॅव्हलर आहे, आसनगावच्या एका कारखान्याचे कामगार तो ने-आण करतो. दिवाळीत कारखाना बंद असतो. त्याने मागची आसने सोडवून ठेवली, प्लायवूडचा लांब बाक ठोकला, वर कापसाची गादी टाकली. बाकाखाली भांडी, छोटा गॅस, तांदूळ, कांदे. मागच्या कोपऱ्यात पडदा लावून आजीसाठी खुर्चीचे शौचपात्र. झाले घर! परदेशात लोक अशा गाड्यांतून देश पाहत फिरतात म्हणे. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ साली कॅराव्हान पर्यटनाचे धोरण आणले. आमच्या पोराने ते धोरण वाचलेले नव्हते. त्याला फक्त आजीला न्यायचे होते.

वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन भरले, तरी सासूबाईंनी आपली पितळी कळशी भरून गाडीत ठेवलीच. नातू आठवीतला. तो म्हणाला, "मोठी आजी, आता कुठेही बाटली मिळते." त्या काही बोलल्या नाहीत. कळशीवर फडके बांधून ती त्यांनी पायाशी ओढून घेतली.

मैत्रिणीसाठी काय न्यायचे हा प्रश्नच नव्हता. मुरबाडचा तांदूळ आणि सुकट. मराठवाड्यात तिला मासळी आठवते, हे ती फोनवर नेहमी सांगायची. सुकटीचा डबा तीन पिशव्यांत गुंडाळला, तरी सगळ्या प्रवासभर गाडीला तिचा वास येत होता.

वाट आमच्या ह्यांनी ठरवली. हे पोस्टात होते. निवृत्त झाल्यापासून लेण्यांवरची पुस्तके वाचण्याचा नाद लागला आहे. ते म्हणाले, नाशिककडून जायचे नाही. आपल्या मुरबाडच्या अंगणातून पैठणला गेलेली दोन हजार वर्षांची वाट आहे, तिच्या जवळजवळ जाऊ. सातवाहनांच्या काळी पैठण म्हणजे प्रतिष्ठान, दक्षिणापथाची राजधानी. सोपारा-कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादून वैशाखरे गावावरून नाणेघाट चढायचा आणि जुन्नरमार्गे पैठणला जायचा. आपण ज्याला आडवळणाचा तालुका म्हणतो, तो एके काळी हमरस्त्यावर होता!

किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत आम्ही माळशेज चढलो. वैशाखऱ्याहून नाणेघाट पायी चढता येतो, पण ते आजीला जमणारे नव्हते. म्हणून जुन्नरला जाऊन घाटघरच्या बाजूने गाडी थेट माथ्यावर नेली. तिथे दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असे सांगतात. थोडे खाली उतरले की कातळात खोदलेली गुहा. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लांबलचक लेख. तो नागनिका राणीच्या काळचा, सातवाहन घराण्याचा. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता त्यांचे पाय तेवढे उरले आहेत आणि वर कोरलेली नावे. लेखात कोणकोणते यज्ञ केले आणि किती दान दिले याचा हिशेब आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती, नाणी. त्या हिशेबातले आकडे म्हणजे आपल्या देशातल्या अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी आहेत. नातवाने त्यांचे फोटो काढले. मला मात्र त्या गायी दिसत राहिल्या. कुणाच्या दावणीच्या असतील त्या सगळ्या?

सासूबाई गुहेत उतरल्या नाहीत. त्या कड्याजवळ, गाडीतून आणलेल्या खुर्चीवर बसून खाली कोकण पाहत होत्या. दूरवर भातखाचरे, कौलारू घरे. "ह्यो तर आपलाच मुरबाड!" त्या म्हणाल्या. जन्म त्या मातीत गेला, पण वरून त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. मग त्यांना त्यांचे आजोबा आठवले. ते मीठ आणि सुकी मासळी डोक्यावर घेऊन याच घाटाने जुन्नरच्या बाजारला जायचे, येताना ज्वारी आणायचे. "त्यांनी काय टाकलं आसंल रं त्या रांजनात? त्यांच्याकडं नाणंच नव्हतं."

त्या रात्री लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी लावली. भात, सुकटीची चटणी, झोप. सकाळी सुमारे तीनशे पायऱ्या चढून आम्ही चौघे वर गेलो. आजी खाली स्वयंपाकाला.

लेण्याद्रीला येणारी बहुतेक माणसे गणपतीचे दर्शन घेऊन उतरतात. गणपती आहे तोही मुळात भिक्खूंच्या विहारातच. त्याच्या शेजारी, सहाव्या क्रमांकाचे चैत्यगृह आहे. खांबांवर हत्ती, वाघ. आत स्तूप. दर्शनाच्या रांगेत गर्दी आणि चैत्यात आम्ही चौघेच. आमच्या ह्यांनी दर्शनी भागावरचा लेख दाखवला. हे चैत्यगृह कुणा राजाने दिलेले नाही. कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त, त्याचे हे दान. हेरणिक म्हणजे सोन्यानाण्यांचा व्यवहार करणारा. आपल्या कल्याणचा माणूस! आणखी एका लेखात कल्याणचाच सोनार संघक पाण्याचे टाके खोदून देतो. जुन्नरच्या डोंगरांमधल्या लेखांत धान्य विकणाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूचे काम करणाऱ्यांची आहे, काशाची भांडी घडवणाऱ्यांची आहे. यवन म्हणजे परदेशी माणसेही आहेत. घाटावर राणीचा लेख गायी मोजतो, आणि इथे खाली बुरुडकाम करणाऱ्या माणसांकडे भिक्खूसंघासाठी ठेव ठेवली जाते. मला तरी हे दुसरे दगड अधिक मोलाचे वाटतात. आमच्या ह्यांचे म्हणणे, दोन्ही वाचले पाहिजेत. बरोबर आहे, पण मला जे वाटले ते मी सांगितले.

खाली येऊन मी सासूबाईंना हे सगळे सांगितले. त्यांना एकच गोष्ट पटली. "पान्याचं टाकं दिलं? चांगलं केलं त्यानं."

त्याच रात्री ती गोष्ट घडली. नगर ओलांडून आम्ही पुढे गेलो होतो. एका गावाबाहेर विहिरीवरच्या मोटारीचे पाणी नळाला चालू होते. आमचे कॅन भांडी धुण्यात संपत आले होते. थोरल्याने विनंती केली. नळाशी उभा असलेला गृहस्थ चांगले बोलला. कुठून आलात, कुठे निघालात. मग त्याने आडनाव विचारले. मुलाने सांगितले. तो गृहस्थ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मोटार आता बंद होणार आहे, लाईट जायची वेळ झाली." खरेच तशी वेळ झाली असेल. नसेलही. आम्ही वाद घातला नाही. गाडीत येऊन बसलो तेव्हा सासूबाईंनी कळशीवरचे फडके सोडले आणि एकेकाला पेला भरून दिला. नातवाने तो न बोलता प्यायला.

मग गाडी चालू असतानाच आमच्या ह्यांनी त्याला बाबासाहेबांच्या दोन प्रवासांविषयी सांगितले. दोन्ही बाबासाहेबांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लहानशा आत्मकथनात लिहून ठेवले आहेत. पहिला १९०१ चा. मसूर स्टेशनावरून बैलगाडीने वडिलांकडे निघालेल्या लहान भीमरावांजवळ जेवण होते, पण पाणी कुणी देईना, आणि पोरे रात्रभर तशीच उपाशी राहिली. दुसरा १९३४ चा. बाबासाहेब तेव्हा विलायतेहून पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर. तीसेक सहकाऱ्यांसह बसने वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी थांबले. अंगावर धूळ बसलेली, म्हणून दारातल्या हौदावर काहींनी हातपाय धुतले. झाले! हौद बाटवला म्हणून आरडाओरडा सुरू झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, आणि नजर ठेवायला हत्यारबंद शिपाई बरोबर देऊन. नातवाने विचारले, "म्हणजे ते पण आपल्यासारखेच गाडी करून जुनी ठिकाणं बघायला निघाले होते?" हो. असेच. याच मुलखात.

सासूबाई अंधारात म्हणाल्या, "आमच्या गावच्या हिरीवर आमी खाली उभं राहायचो. कुनी वरून ओतलं तर घागर भरायची." एवढेच. नातू रात्री त्यांच्याजवळ झोपला.

सकाळी शेवगाववरून पैठणला पोहोचलो. मैत्रीण दारात उभी होती. किती वाळली होती! "जयभीम" म्हणाली, पण आवाजच फुटेना. सासूबाईंना दोघांनी धरून उतरवले. त्या ओसरीवर टेकल्या आणि ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून बसली. रडली नाही. नुसती बसून राहिली. सासूबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "तेल आन गं. किती महिनं तेल नाय लागलं हिच्या डोक्याला." तासभर त्यांनी तिचे डोके चोळले. आम्ही बाहेर गाडी धूत बसलो.

दोन्ही मुले पुण्याला. चांगली आहेत, पैसे पाठवतात, पण घर विकून आमच्याकडे चल म्हणतात. ती म्हणते, "एक गाव पाण्यात गेलं, दुसरं सोडलं. आता हे नाही सोडायचं." विहारातल्या महिला मंडळात जाणे बंद केले होते. चूल दिवसातून एकदा पेटायची. हे तिने सांगितले नाही, स्वयंपाकघरातल्या डब्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी नातू म्हणाला, "मावशी, तुमचं गाव दाखवा ना." आणि काय सांगू, पस्तीस वर्षे शिकवलेली बाई तिच्यात जागी झाली! छत्री घेऊन पुढे चालू लागली. उभ्या चढाच्या अरुंद गल्ल्या, लाकडी कोरीव सज्जे असलेले जुने वाडे, त्यांच्या मागे जुन्या वस्तीची उंच पांढरी. हिच्या पोटात सातवाहनांचे प्रतिष्ठान आहे, म्हणाली. पावसाळ्यात अजूनही मणी वर येतात. शासकीय संग्रहालयात तसे मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आम्ही पाहिल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या पुस्तकात, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणचे नाव आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचे शहर, तिथून रंगीत मौल्यवान दगड गाड्यांत भरून येतात, असे त्यात म्हटले आहे. त्याच पुस्तकात आपले कल्याणही आहे. नातू म्हणाला, "मग आपण तीन दिवसांत आलो ते काही वाईट नाही."

एकनाथांच्या वाड्यातही गेलो. खुर्चीवर बसवून सासूबाईंनाही नेले. तिथे कुणी यात्रेकरूंना कथा सांगत होते. गोदेच्या तापल्या वाळवंटात महाराचे पोर रडत होते, नाथांनी ते कडेवर उचलून घेतले. लोक हात जोडून ऐकत होते. सासूबाईंनीही नीट ऐकले. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "चांगला मानूस आसंल. पन त्या पोराचं नाव कुनी सांगंना. पोराला नाव नव्हतं का?"

मैत्रीण थबकली. मग म्हणाली, "आई, नावं आहेत. इथं नाहीत, पितळखोऱ्याला आहेत." शाळेची सहल घेऊन ती पूर्वी एकदा कन्नडजवळच्या पितळखोऱ्याच्या लेण्यात गेली होती. तिथल्या खांबांवर कोरलेले आहे: पैठणचा गंधिक मितदेव, त्याचे दान. गंधिक म्हणजे अत्तरे, सुगंधी द्रव्ये विकणारा. दुसऱ्या खांबावर पैठणच्याच संघकाच्या मुलांचे दान. आमचे हे एकदम म्हणाले, "संघक? लेण्याद्रीला टाके देणारा पण संघकच!" दोघे वेगळे हे उघड आहे, संघावरून ठेवलेले नाव तेव्हा घरोघरी असणार. पण सासूबाईंना ते फार आवडले. परत येईपर्यंत त्या वाटेत "संघक, संघक" असे पुटपुटत होत्या.

संध्याकाळी नागघाटावर बसलो. तिथे तिने बावरीची कथा सांगितली. ती सुत्तनिपातात आहे. कोसल देशातून दक्षिणेला आलेला वृद्ध बावरी गोदावरीच्या काठी राहत होता. त्याला एक प्रश्न छळत होता. त्याने आपले सोळा शिष्य भगवान बुद्धांकडे पाठवले. ते पहिल्यांदा आले प्रतिष्ठानला, मग माहिष्मती, उज्जैन, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती करत मगधापर्यंत गेले. म्हणजे आपल्या या गोदेचे नाव धम्माच्या अगदी जुन्या ग्रंथात आहे. त्या सोळांतला पिंगिय अतिशय म्हातारा. डोळे अधू, अंगात बळ नाही. तो परत येऊन बावरीला म्हणतो, शरीराने मी तिथे आता जाऊ शकत नाही, पण मन तिथेच आहे.

"म्हातारं परत आलं?" सासूबाईंनी विचारले.

"आलं ना आई."

"कशानं?"

"पायी."

"बघ! आन माझ्यासाठी ह्यानं गाडीत गादी घातली." सगळे हसलो. मैत्रीणही हसली, पदर तोंडाला लावून, पूर्वी स्टाफरूममध्ये हसायची तशी.

शेवटच्या दिवशी धरणावर गेलो. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. शंभरावर गावे या पाण्याखाली गेली. नाथसागराचा पलीकडचा काठ दिसत नव्हता. तिने बोटाने एक दिशा दाखवली. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की जोती वर येतात, म्हणाली. एका दुष्काळात ती आणि तिचे यजमान चालत गेले होते, तर शाळेचा ओटा सापडला. मी आमच्याकडची गोष्ट सांगितली. तानसा, भातसाचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो. ती म्हणाली, "ठाऊक आहे गं. मी राहिलेय ना तिथं. पोरी शाळा बुडवून हंडे घेऊन जायच्या." बराच वेळ आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. वारा फार होता.

निघायच्या सकाळी सासूबाईंचे गाठोडे गाडीत नव्हते. ओसरीवर होते. "मी ऱ्हाते," त्या म्हणाल्या. "हिची दोन बाळंतपनं केली, हे तिसरं समजा." आमचे हे म्हणाले, औषधे, डॉक्टर, थंडी. त्यांनी ऐकले नाही. मैत्रीण मध्ये काही बोलली नाही, पण तिने गॅसवर दोन भांडी चढवली होती, हे मी पाहिले. गादी आम्ही त्यांच्यासाठी उतरवली. कळशीही त्यांनी ठेवून घेतली. परतीच्या वाटेवर नातू रिकाम्या प्लायवूडवर पथारी टाकून आडवा झाला आणि घरी पोहोचेपर्यंत उठला नाही.

पंधरा दिवसांनी फोन आला. सासूबाई म्हणाल्या, सुकट संपली, पोराला पाठव. मागून मैत्रिणीचा आवाज आला, "आणि तांदूळ पण सांगा, आई. मंडळातल्या बाया जेवायला येणार आहेत पौर्णिमेला."